पिंजारखिडकीची हाळी

१

शनिवारी उन्हं कलली की मनकर्णाबाई पदर खोचायची, खिडकीबाहेरचा ओटा झाडायची, माठ भरून ठेवायची आणि मग तोंडाला पावडर लावून पाहुण्यांची वाट पाहत बसायची. साठी उलटलेल्या बाईनं पावडर कशाला लावावी, असं पुऱ्यात कोणी विचारत नव्हतं. विचारायला पुऱ्यात माणूसच कुठं उरलं होतं!

खिडकी म्हणजे वाऱ्याची खिडकी नव्हे, बरं का. अमरावतीच्या जुन्या परकोटाला मोठे दरवाजे आहेत, तशा लहान वाटाही आहेत; त्यांना खिडकी म्हणतात. मोठ्या दरवाजांतून गाड्या जायच्या, खिडकीतून माणसं, शेरडं आणि डोक्यावरचे भारे. पिंजारखिडकीतून आत गेलं की पिंजारपुरा. एकच गल्ली, दोन्ही अंगांना सागवानी दारं, शेवटाला कडुलिंब. वऱ्हाडचा कापूस एके काळी इथं पिंजला जायचा. पिंजणाची तार सकाळीच वाजायला लागायची आणि दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. पिंजाऱ्यांची घरं जास्त, थोडी कुणब्यांची, कोष्ट्यांचीही होती. ईद असो की पोळा, झाकलेली ताटं इकडून तिकडं जायचीच.

दरवाजाचा मान मनकर्णाबाईच्या सासरचा. दिवेलागणीला तिचा सासरा पुंजाजी खिडकीत उभा राहून हाळी द्यायचा, "आले का वो सारेऽऽ?" घराघरातून जबाब यायचा, "आलेऽऽ." ज्या घरचं माणूस बाहेर असेल ते घर म्हणायचं, "थांबा." मग पुंजाजी बिडी ओढत थांबायचा. सारे आत आले की आगळ घालायचा. ही आगळ, म्हणजे दाराआडचा अडसर, सागाची, मांडीएवढी जाड. पेंढाऱ्यांच्या भयानं सुरू झालेली रीत म्हणे. पेंढारी गेले, इंग्रज गेले, रीत राहिली.

आणखी एक होतं. पुरा कायमचा सोडून कोणी निघालं, सासरी जाणारी पोरगी असो की बिऱ्हाड हलवणारा माणूस, तर त्याला खिडकीबाहेर पोचवून त्याच्या पाठीमागं भर दिवसा एकदा आगळ घालायची आणि परत काढायची. म्हणजे पुऱ्याला कळायचं की याची आता वाट पाहायची नाही.

२

पुंजाजी गेला तशी हाळी बंद पडली. पुढं परकोटाला आणि पुऱ्याला सरकारी पाटी लागली, 'संरक्षित वारसा परिसर'. तेव्हा मनकर्णाबाईनं पेढे वाटले होते. मग हळूहळू कळलं की संरक्षण म्हणजे काय. दार बदलायचं नाही, गच्चीवर खोली चढवायची नाही, माडीवर मोरी काढायची नाही, खिळा ठोकायचा तर अर्ज करा. लोकांना घरात लेकी-सुना नांदवायच्या होत्या, त्या काही अर्जावर नांदत नाहीत. एकेक घर कॉलनीत गेलं, कोणी नागपूरला, कोणी अकोल्याला. जाताना किल्ली मनकर्णाबाईकडं ठेवून गेलं. भिंती सरकारनं सांभाळल्या, किल्ल्या बाईनं. त्यांचा जुडगा तिच्या कमरेला असायचा आणि चालताना वाजायचा. लेक अपेक्षा दर्यापूरहून फोनवर रडकुंडीला यायची की आई, आता तरी इकडं ये. मनकर्णाबाई म्हणायची, माझा नवरा या पुऱ्यातून गेला, मीही इथूनच जाईन, आडवी होऊन.

हाळी पुन्हा सुरू केली प्रणालीनं. प्रणाली म्हणजे दर शनिवारी वारसा फेरी काढणारी पोट्टी. शिकलेली, बोलायला गोड, चहाला कधी नाही न म्हणणारी. तिनं हाळीची गोष्ट ऐकली आणि हटूनच बसली. मग ठरलं. फेरी संपताना मनकर्णाबाईनं खिडकीत उभं राहून हाळी द्यायची, पुऱ्यात उरलेल्या बुधाजीनं आणि शेवटच्या घरातल्या ललितानं जबाब द्यायचा, पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या, मग गुळाचा चहा. आगळ मात्र घालायची नव्हती. डागडुजीच्या वेळी दरवाजाच्या फळ्या लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडून टाकल्या होत्या, आणि आगळ खिडकीबाहेर काचेच्या पेटीत निजवली होती. पेटीची किल्लीही बाईच्याच जुडग्यात, पण हात लावायचा नाही असा नियम.

सासू पार्बताबाई असती तर रागावली असती. ती म्हणायची, हाळी दिली का आगळ घालाच लागते, नाई त दरवाजा वाट पाहत राह्यते. पण सासू काय, मांजर आडवं गेलं तरी परत फिरायची. मनकर्णाबाईनं ते मनावर घेतलं नाही.

थंडीतला एक शनिवार होता. बाईनं हाळी दिली. बुधाजीचं "आले" आलं. ललिताचं आलं. आणि मग, जरा उशिरानं, समोरच्या कुलूपबंद घरातून आवाज आला.

"आले. अन् बकरीबी आली."

पाहुणे खळखळून हसले. मनकर्णाबाईनं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि समोरच्या कुलपाकडं पाहिलं.

३

समोरचं घर कुलसुमबीचं. दोघी एकाच वर्षी नवऱ्या होऊन पुऱ्यात आल्या. एक हळदीच्या हातांची, एक मेंदीच्या. कुलसुमनं माहेराहून बाळापूरची एक बकरी आणली होती, पांढरी, एक कान काळा. पहिल्याच संध्याकाळी पुंजाजीनं हाळी दिली तेव्हा ही नवी नवरी पडद्याआडून ठणकावून बोलली होती, आले, अन् बकरीबी आली. सगळी गल्ली हसली. नवरा उस्मान लाजून पिंजणामागं लपला. तेव्हापासून ते वाक्य कुलसुमचंच झालं. बकरी म्हातारी होऊन मेली तरी ती तसंच म्हणायची. गेल्या ईदनंतर तिचा मुलगा गुलफाम तिला अकोल्याला फ्लॅटमध्ये घेऊन गेला, आणि किल्ली बाईकडं आली.

पाहुणे गेल्यावर मनकर्णाबाईनं समोरचं कुलूप हातात धरून पाहिलं. लागलेलं होतं. ललिताला नकलेची खोड, म्हणून तिला जाऊन झापलं. ललितानं मुलाची शपथ घेतली. मग बाईनं स्वतःची समजूत घातली की गल्ली अरुंद, भिंती जुन्या, एखादा जुना आवाज घुमला असेल. आता आवाज काय रांजणातलं पाणी आहे, इतकी वर्षं साचून राहायला! पण माणसानं समजूत घालून घ्यायची ठरवली की ती पडते.

सकाळी तिनं अकोल्याला फोन लावून कुलसुमला हे गंमत म्हणून सांगितलं. कुलसुम हसली. म्हणाली, काल संध्याकाळी बसल्या बसल्या डोळ्यापुढं पुराच आला होता वं.

दुपारी बाईनं किल्ली लावून ते घर उघडलं. आत बंद घराचा वास होता, आणि त्याखाली जुन्या कापसाचा. पुढच्या खोलीत उस्मानचं पिंजण खुंटीवर टांगलेलं. बाईच्या पायाखालची धूळ मऊ लागत होती. सबंध घरात तिच्याशिवाय कोणाचं पाऊल नव्हतं. तिला हायसं वाटलं. मग ती मागच्या अंगणात गेली. तिथं भिंतीशी बकरीचा जुना खुंटा होता. खुंट्याभोवती गोल जागा घासून स्वच्छ झाली होती, बांधलेलं जनावर फिरून फिरून करतं तशी. आणि कडेला बोरीचा पाला पडला होता, हिरवा.

वाऱ्यानं आला असेल, असं बाई मोठ्यानं म्हणाली. पुऱ्यात बोरीचं झाड नव्हतं. तिनं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि दोनदा हिसडून पाहिलं.

४

आता खरं सांगायचं तर घाबरून हाळी बंद करायला हवी होती. पण मनकर्णाबाईचं भय चार दिवसांत ओसरलं आणि खाली उरली ती माया. पुढच्या शनिवारी ती पावडर लावून हाळीला उभी राहिली ती त्या एका आवाजासाठी. आवाज आला. बाईचे डोळे भरून आले. त्यानंतर कोष्ट्याच्या बंद घरातून खोकत खोकत "आले" आलं. कोष्टी नागपूरला नातवंडांत रमला होता. मग कोपऱ्यावरच्या माडीतून, मग आणखी एका घरातून. पाहुणे म्हणायचे, वा, काय हुबेहूब बसवलंय. प्रणालीला वाटलं बाईनं गुपचूप माणसं जमवली. बुधाजीला कमी ऐकू यायचं, आणि ललिता हल्ली दार लावून घ्यायची.

मेलेलं कोणी बोलत नव्हतं, हे बाईच्या ध्यानात आलं. तिनं स्वतःच्या घराकडं कान देऊन पाहिलं, नवऱ्याचा, खुशालरावांचा आवाज येतो का. नाही आला. जे बोलत होते ते सगळे कुठं ना कुठं जिवंत होते, पेन्शन उचलत होते, गुडघ्यांना तेल लावत होते. म्हणजे भुताटकी नव्हेच, असं तिनं ठरवलं. जिवंत माणसांची आठवण आहे, ती काय कोणाला खाते? आणि ती शनिवारची वाट न पाहता रोज दिवेलागणीला हाळी देऊ लागली. कित्येक वर्षांनी पुरा भरल्यासारखा वाटत होता. ती दोन पोळ्या जास्त टाकायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग एका सकाळी गुलफामचा फोन आला. त्याचा आवाज बसलेला होता. म्हणाला, मावशी, अम्मीचं काही खरं नाई. मगरिबच्या नमाजच्या वेळेले, दिवेलागणीले, बसल्या जागी बसून राहते. डोळे उघडे, पण हाक मारली त ओ देत नाई. जिनं जन्मात नमाज चुकवली नाई, तिची मगरिब चुकून राहिली. डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला, त्यात काही नाही. आधी घटकाभर व्हायचं, आता पार रातच्या इशाच्या नमाजपर्यंत चालतं. आणि हातानं काहीतरी करत राहाते, दोरीची गाठ मारल्यासारखं.

बाईनं विचारलं, हे कधीपासून?

गुलफाम म्हणाला, थंडीपासून. पहिले शनिवारी शनिवारीच व्हायचं, मावशी. आता रोज.

५

मनकर्णाबाईनं त्याच दिवशी एस.टी. धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत ती स्वतःशी भांडत होती. म्हातारपण आहे, रक्तदाब असेल, अकोल्याचं ऊन काय कमी आहे. योगायोग नावाची गोष्ट जगात असते. पण शनिवार, शनिवार असं चाकं म्हणत होती आणि तिला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

फ्लॅट चांगला होता. फरशी चकचकीत, दोन मोऱ्या, लिफ्ट. कुलसुम मात्र अर्धी झाली होती; बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मैत्रिणीला पाहून तिनं आधी शिव्या घातल्या, मग मिठी मारली. दुपारभर दोघींनी सगळ्या पुऱ्याची उणीदुणी काढली. बाई हसत होती आणि खिडकीतल्या उन्हाकडं पाहत होती.

दिवस बुडाला. अजान झाली. त्या संध्याकाळी पिंजारखिडकीत हाळी द्यायला कोणी नव्हतं, कारण हाळी देणारी इथं सोफ्यावर बसली होती. कुलसुम उठली, हातपाय धुऊन वजू केली, सबंध नमाज पढली, आणि आत जाऊन चहा टाकला. गुलफामला तर रडूच फुटलं. म्हणाला, मावशी, तू आली अन् अम्मी सुधरली, तू इथंच राहाय.

बाईनं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

गुलफाम बाहेर गेल्यावर कुलसुम तिच्याजवळ सरकली आणि हळूच बोलली. "मले तिथं कोणी बलावते, मना. जातो त लय बरं वाटते. उस्मानचं पिंजण दिसते, तू दिसते. पण परत यायले आता जड जाते वं. रोज जरासं जास्त जड जाते."

मनकर्णाबाईनं तिचा हात धरला. बोलावणारी मीच आहे, हे काही तिच्या तोंडून निघालं नाही.

६

परत आल्यावर तिनं हाळी बंद केली. प्रणालीला कळवलं की घसा बसलाय, फेरी राहू द्या. फेरी राहिली. पहिल्या संध्याकाळी पुरा चिडीचूप होता, आणि बाईला आपल्याच घरात जेवण जाईना. सगळी बंद दारं आपल्याकडं पाहताहेत असं वाटत होतं, रागानं नाही, पंगतीत बसून वाढप्याकडं पाहावं तसं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती चुलीपाशी भाकर थापत होती. ओठ घट्ट मिटलेले होते. आणि खिडकीकडून आवाज आला, "आले का वो सारेऽऽ?"

आवाज तिचा होता. शेवटाला जरा फाटणारा, अगदी तिचाच.

प्रणालीनं मागं एकदा मोबाईलवर तिची हाळी भरून घेतली होती, हे तिला आठवलं. तेच असणार. पोट्टी येऊन ते वाजवत असणार. ती पिठाच्या हातानं बाहेर आली. खिडकीत कोणी नव्हतं. फोन लावला तर प्रणाली पुण्यात, बहिणीच्या लग्नात. मागं सनई वाजत होती. आणि इकडं गल्लीत एकामागून एक घरं जबाब देत होती. आले. आले. आले. समोरच्या घरातून तर आता जरासाही उशीर होत नव्हता.

सकाळी गुलफामनं कळवलं की अम्मी कालच्या मगरिबपासून परत आलीच नाही. दवाखान्यात ठेवलंय. श्वास चालू आहे, डोळे उघडे आहेत, आणि हात गाठ मारत आहेत.

मनकर्णाबाई ओट्यावर बसली. समोर काचेच्या पेटीत आगळ निजली होती. बाई तिच्याकडं पाहत राहिली आणि एकदम सासूचं बोलणं आठवलं. या माणसांना बाहेर पोचवलं कोणी? पाटी लागल्यापासून जो गेला तो तसाच गेला. कोणाच्याच पाठीमागं आगळ पडली नव्हती. पुऱ्याच्या लेखी कोणी गेलंच नव्हतं, सगळे बाजाराला गेल्यासारखे बाहेर होते. आणि वर आपण रोज गोड आवाजात विचारत होतो, आले का?

तिनं कपाळावर हात मारून घेतला.

७

दिवस मावळायच्या आधी तिनं पेटी उघडली. आगळ तिला उचलेना. ओढत, टेकवत तिनं ती खिडकीच्या आत नेली. फळ्या जखडलेल्या होत्या, पण दोन्ही अंगांच्या दगडांत आगळीच्या खाचा तशाच होत्या. दंड झाला तर झाला. तुरुंगात घाला म्हणावं, तिथं तरी माणसं असतील.

ती खिडकीत उभी राहिली आणि त्या आवाजानं सुरुवात करायच्या आत तिनंच हाळी दिली, शेवटची.

सगळी घरं बोलली. समोरून आलं, "आले. अन् बकरीबी आली." इतकं जवळून, इतकं खुशीत, की बाईला वाटलं राहू द्यावं. काय बिघडलं? अकोल्यात तरी कुलसुमचं असं काय होतं, लिफ्ट आणि टीव्ही? इथं सगळा जन्म होता. क्षणभर तिनं आगळ खाली ठेवली होती, हे खरं आहे. मग तिला चकचकीत फरशीवर बसून रडणारा गुलफाम दिसला.

"नाई आली तू, कुलसुम," ती म्हणाली. "तुझं घर तिकडे आहे. पोरगा वाट पाहून राहिला तुही. निंघा बरं सारे. अंधार व्हायच्या आत आपापल्या घरी जा."

आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं. पाहुणा निघताना आपण वाट सोडून बाजूला होतो, तसं.

आधी काहीच झालं नाही. मग कड्या वाजल्या, एकेक करून. पावलं आली, चपला घासणारी, काठी टेकणारी. कोणाचा खोकला तिच्या पाठीमागून गेला. हवेत कापूस असावा, कारण तिच्या भुवयांना आणि ओठांना काहीतरी मऊ चिकटत होतं. बाईनं डोळे मिटले नव्हते, पण वरही केले नव्हते. शेवटी घुंगरू वाजलं.

तिला बकरी दिसली. तेवढीच दिसली. पांढरी, एक कान काळा, तिच्या कोपराखालून मान वळवून ओळखीनं पाहणारी. गळ्यातली दोरी ताणून वर गेली होती, आणि दोरी कोणाच्या हातात आहे ते पाहायला बाईनं मान उचलली नाही. खांद्यावर बांगड्यांचा हात टेकला, थंडगार, जरासा थांबला, आणि निघाला.

मनकर्णाबाईनं आगळ खाचांत लोटली. दगडात लाकूड बसल्याचा आवाज सगळ्या गल्लीतून फिरून आला.

तासाभरात गुलफामचा फोन आला. तो हसत होता की रडत होता ते कळत नव्हतं. अम्मी उठून बसली होती आणि दवाखान्याच्या चहाला नावं ठेवत होती.

८

त्यानंतर पुऱ्यात हाळी झाली नाही. आगळ पुन्हा पेटीत गेली, कोणाला काही कळलं नाही. बाईच्या संध्याकाळी फार मोठ्या झाल्या. पण कुलसुम जिवंत होती, खात होती, भांडत होती, आणि ते पुरेसं आहे असं बाई रोज स्वतःला सांगायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कुलसुम एकटीच एस.टी.नं अमरावतीला आली. हातात पिशवी, पिशवीत शीरखुर्म्याचा डबा. खिडकीपाशी आली आणि थांबली. बाई आतून हात पुढं करून उभी होती. कुलसुमनं पाऊल उचलायचं केलं. उचलेना. तिनं स्वतःच्या पायांकडं नवलानं पाहिलं, मग मैत्रिणीकडं, आणि काहीतरी समजल्यासारखी हसली. "राहू दे," म्हणाली. "तूच ये बाहेर."

मग मनकर्णाबाईनं चहा बाहेर आणला आणि दोघी खिडकीबाहेरच्या ओट्यावर बसल्या. गोष्टींना अंत नव्हता. सुनेचं झालं, गुडघ्यांचं झालं, मेलेल्यांचं झालं. ललिता भाजी घेऊन आत गेली, बुधाजी सायकल लोटत बाहेर गेला आणि परत आत आला. उन्हं कधी गेली ते दोघींना कळलं नाही. घरी दिवा लावायचा राहिला, असं बाईच्या मनात आलं, तेवढ्यात आतून हाळी आली.

"आले का वो सारेऽऽ?"

बाईचाच आवाज. मायेचा, जरा फाटका. शेजारी काचेच्या पेटीत आगळ जागच्या जागी होती.

पुरा गप्प होता. कोणी "आले" म्हणालं नाही. हाळी वाट पाहत थांबली होती, आणि कोणासाठी थांबली होती ते बाईला कळलं. ज्या घरचं माणूस बाहेर असेल त्या घरानं "थांबा" म्हणायचं असतं. तिच्या घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. शब्द तिच्या गळ्यात आपोआप वर आला. थांबा वो, आली मी, इथंच आहे, थांबा. तिनं तोंड उघडलं.

कुलसुमनं तिच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट, लेकराला गप्प करावं तसा. बाईनं तो ओढून पाहिला, नखं लावली. कुलसुमनं काढला नाही. तिचे डोळे वाहत होते.

"नोको बोलू, मना," ती कानाशी म्हणाली. "मी पाह्यलं आहे ते. हो म्हटलं का मग सोडत नाई."

आत कोणीतरी जरा वेळ वाट पाहिली. मग दगडात लाकूड बसल्याचा आवाज झाला.

कुलसुमचा हात गळून पडला. खिडकी समोर सताड उघडी होती. आत गल्ली दिसत होती, ललिताच्या दारातला बल्ब दिसत होता, कडुलिंब दिसत होता. मनकर्णाबाई उठली, उंबरठ्याशी गेली आणि पाऊल उचलायला लागली. उचलेना. कमरेला सगळ्या पुऱ्याच्या किल्ल्या वाजत होत्या. ती बराच वेळ तशी उभी होती. मग तिला ढसाढसा रडू आलं, आणि कुलसुमनं तिला मुकाट्यानं धरून गाडीवर नेलं.

अकोल्याला पोचायला रात्र झाली. गुलफामनं दार उघडलं, आणि अम्मीच्या मागं कोण आहे म्हणून वाकून पाहिलं. कुलसुमनं पिशवी खाली ठेवली. हात मात्र सोडला नव्हता.

"आले," ती म्हणाली. "अन् मनाबी आली."